मुलगी वयात येताना



नऊ-दहा वर्षांची मुलगी कुरकुरते, "आई, दप्तराचा पट्टा लागला की दुखतं गं." छातीच्या एकाच बाजूला बटणाएवढी टणक गाठ पाहून आईच्या पोटात गोळा येतो. कॅन्सर तर नाही ना? अशा आया दवाखान्यात येतात, तेव्हा मी आधी मुलीचं वय विचारते.

आठ ते तेरा या वयात दिसणारी अशी गाठ ही बहुतेक वेळा वयात येण्याची पहिली खूण असते. मेंदूच्या इशाऱ्यावर पीयूष ग्रंथी अंडाशयांना कामाला लावते, तिथं इस्ट्रोजेन हे संप्रेरक तयार होतं आणि स्तनांची वाढ सुरू होते. पुष्कळदा ती आधी एकाच बाजूला दिसते, दुसरी बाजू काही महिन्यांनी येते. थोडं हुळहुळणंही स्वाभाविक आहे. ती जागा चोळू नका, दाबू नका, लेप लावू नका. घाबरून गाठ काढून टाकायचा आग्रह तर मुळीच धरू नका. तो पुढच्या स्तनाचा कोंब आहे. तो काढला, तर त्या बाजूची वाढ कायमची खुंटू शकते.

मात्र आठ वर्षं पूर्ण होण्याआधीच हे बदल दिसले, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा. ते उंचीची नोंद पाहतील, डाव्या मनगटाच्या एक्स-रेवरून हाडांचं वय ठरवतील, लागल्यास रक्त तपासतील. हाडांची वाढ लवकर पुरी झाली, तर आज वर्गात उंच दिसणारी मुलगी पुढे ठेंगणी राहू शकते. गरज असेल तर ही घाई रोखणारी इंजेक्शनं मिळतात. तेरा वर्षं पूर्ण होऊनही बदल नसेल, किंवा त्या जागी लाली, ताप, स्राव असेल, तरीही डॉक्टरांकडे जा.

या पहिल्या खुणेनंतर साधारण दोन-अडीच वर्षांनी पाळी येते. तोवर मुलीला सगळं नीट सांगा. ती पोक काढून चालू लागली असेल, तर रागावू नका. मऊ सुती शमीज द्या. "लवकरच मोठी झाली हो," असं चारचौघांत कुणालाही बोलू देऊ नका. तिचं खेळणं, सायकल, पोहणं बंद करू नका. शरीर बदलू लागलं तरी ती अजून लहानच आहे, आणि तिचं लहानपण सांभाळणं आपल्या हातात आहे.