सायकलीला वाट द्या

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



या व्याख्यानमालेत माझ्याआधी संतसाहित्यावर आणि नाट्यसंगीतावर जाणकारांची भाषणे झाली. ज्याचे सारे आयुष्य फायलींत गेले अशा माझ्यासारख्या सामान्य बी. ए. माणसाने सायकलीसारखा किरकोळ विषय घ्यावा, याचे काहींना नवल वाटले असेल. परंतु हा विषय मी निवडलेला नाही; एका प्रसंगाने तो माझ्या पदरात टाकला. तो प्रसंग आधी सांगतो.

तीन वर्षांपूर्वी एका सकाळी माझी गाडी येथल्याच एका गजबजलेल्या चौकाजवळ रहदारीत अडकली होती. कार्यालय समोर दिसत होते. उशीर झाला होता, म्हणून उतरून चालत जावे या विचाराने मी मागे न पाहता डावीकडचे दार उघडले. गाडी आणि पदपथ यांच्यामधून एक वृत्तपत्रविक्रेता सायकलीवरून येत होता. तो दारावर आदळून खाली पडला. वृत्तपत्रे रस्ताभर विखुरली, मनगटाचे हाड मोडले. मागून बस येत नव्हती, म्हणून एवढ्यावरच निभावले. औषधोपचाराचा खर्च मी दिला. परंतु रुग्णालयात तो जे बोलला, त्याची फेड मला अद्याप करता आलेली नाही. तो म्हणाला, “बाबू, गलती तो हमारी ही है. इस रास्ते पर साइकिल मना है.”

दार मी उघडले, हाड त्याचे मोडले, आणि अपराधीही तोच! त्या दिवसापासून या बंदीचा मी शोध घेऊ लागलो.

कोलकात्यात काही रस्त्यांवर सायकलींना मज्जाव करण्यास 2008 साली सुरुवात झाली. 2013 साली ही बंदी 174 रस्त्यांवर गेली. लोकांनी विरोध केल्यावर ती संख्या 62 पर्यंत खाली आली. कारण असे दिले गेले की, इतर महानगरांच्या मानाने या शहरात रस्त्यांना जागा थोडी, आणि सायकलींमुळे मोटारींचा वेग मंदावतो. गंमत अशी की, याच राज्यात 2015 पासून ‘सबूज साथी’ योजनेखाली नववी ते बारावीच्या लक्षावधी विद्यार्थ्यांना सरकारने सायकली वाटल्या. एका हाताने सायकल द्यावयाची आणि दुसऱ्या हाताने रस्ता काढून घ्यावयाचा, असा हा व्यवहार झाला.

मी शासनाचाच नोकर आहे; नियमाविषयी मला आदर आहे. पण शासनाचा शब्दही मला ठाऊक आहे. केंद्र सरकारने 2006 साली जे राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरण स्वीकारले, त्याचे मर्म हेच की, रस्त्याची जागा वाहनांना नव्हे, माणसांना वाटून द्यावी. जागा कमी आहे हे खरे; मग जागा खातो कोण? एक मोटार उभी राहते तेवढ्या जागेत दहा सायकली सहज मावतात. माझ्या गाडीत चालक आणि मी, असे दोघेच होतो.

धोक्याचेही असेच आहे. टक्करीचा आघात वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी 30 किलोमीटरऐवजी 50 च्या वेगाने येणारी गाडी जवळजवळ तिप्पट जोराने आदळते. म्हणून जेथे माणसे, सायकली आणि मोटारी एकत्र चालतात, तेथे 30 ची मर्यादा असावी, असे 2020 च्या स्टॉकहोम जाहीरनाम्यात म्हटले आहे. धोका ज्याच्यापासून आहे त्याला आवरावे, ज्याला आहे त्याला हाकलू नये, एवढाच याचा अर्थ.

बंदी नसली म्हणजे सायकल टिकते, असेही नाही. माझे शिक्षण पुण्यात झाले. त्या काळी पुणे हे सायकलींचे शहर म्हणून ओळखले जाई. तासाच्या भाड्याने सायकल घ्यावी, डबलसीट जाताना पोलिसाला चुकवावे, डायनामोच्या मिणमिणत्या उजेडात घरी परतावे, यातच आमचे तारुण्य गेले. त्या पुण्यातून सायकल कोणी हद्दपार केली नाही. स्कूटरी-मोटारी वाढल्या, रस्ते त्यांच्यासाठी रुंद झाले, आईबाप मुलांना सायकलीवरून धाडण्यास भिऊ लागले आणि ती आपोआप नाहीशी होत गेली. अखेर 2017 साली पुणे महानगरपालिकेला सायकलींसाठी निराळा आराखडा मंजूर करावा लागला. हातातले घालवून मग त्याचा आराखडा करण्याची पाळी कोलकात्यावर येऊ नये. येथे दूध, मासळी, वृत्तपत्रे आजही सायकलीवरून दारी येतात.

हॉलंड हा सायकलींचा देश, असे आपण ऐकतो. तोही जन्मतः तसा नव्हता. मोटारींच्या लोंढ्याने 1971 साली तेथे चारशेहून अधिक मुले रस्त्यांवर मृत्यू पावली. त्यांत एका पत्रकाराची मुलगी होती. त्याने लेखणी उचलली, आईबाप रस्त्यावर उतरले, आणि त्या हट्टातून पुढे सुरक्षित सायकलमार्ग झाले. आपल्या शहरातही ‘चक्र सत्याग्रह’ झाला, ‘कोलकाता सायकल समाज’ उभा राहिला. 2020 साली टाळेबंदी उठताना लोकल बंद आणि बस अपुऱ्या होत्या, तेव्हा बऱ्याच रस्त्यांवर सायकलींना तात्पुरती मोकळीक मिळाली. ज्यांना गैरसोय मानले होते, त्यांनीच अडचणीच्या काळात शहराची कामे चालवली. शेजारच्या न्यू टाऊनमध्ये तर सायकलींसाठी वेगळे मार्ग आखले आहेत. म्हणजे हे अशक्य नाही.

मग आपण काय करावे? आपण येथे परप्रांतातून आलो आणि या शहराने आपल्याला वाट दिली. तीच वाट दुसऱ्यासाठी मागणे हे आपले ऋण आहे. माझ्या तीन साध्या सूचना आहेत. पहिली, मंडळाच्या आवारात मोटारींच्या दोन जागा काढून तेथे सायकली ठेवण्याची सोय करावी. दुसरी, आपल्या वस्तीपासून शाळेपर्यंतचा एकच रस्ता निवडावा. आठवडाभर तेथून जाणाऱ्या सायकली मोजाव्यात, आणि बंगाली शेजाऱ्यांच्या सह्या घेऊन, बंगालीतच लिहिलेले निवेदन नगरसेवकांकडे न्यावे. आकडे जोडलेला अर्ज सहजासहजी बाजूला सारता येत नाही, हे मी अनुभवाने सांगतो.

तिसरी सूचना आज घरी जातानाच अमलात आणण्यासारखी आहे. गाडीचे डावे दार उजव्या हाताने उघडावे आणि उजवे दार डाव्या हाताने. असे केले की शरीर आपोआप वळते आणि नजर मागे जाते. एवढे मला आधी कोणी शिकवले असते, तर एका कष्टकऱ्याचे दीड महिन्याचे उत्पन्न बुडाले नसते.

तो गृहस्थ आजही माझ्या दारी वृत्तपत्र टाकतो. मनगट थोडे वाकडे जुळले आहे. चूक त्याची नव्हती, हे मी त्याला अनेकदा सांगितले. तो नुसता हसतो. माझ्या सांगण्यावर त्याचा विश्वास बसत नाही. रस्ताच ज्या दिवशी ते सांगेल, त्या दिवशी बसेल.