मातीतून आलेली दोन औषधं

मेथिसिलिनला न जुमानणाऱ्या स्टॅफिलोकॉकस जंतूंवर व्हँकोमायसिन किंवा टायकोप्लॅनिन देतात. पहिलं बोर्निओच्या मातीतलं, १९५८ पासून वापरात. सुरुवातीला ते इतकं गढूळ असे, की 'मिसिसिपीचा चिखल' म्हणून चिडवत. दुसरं बनवणारा सूक्ष्मजीव सापडला आपल्या इंदूरकडच्या मातीत! दोन्ही औषधं जंतूंना पेशीभित्तिका बांधू देत नाहीत. व्हँकोमायसिन शिरेतून किमान तासभर, सावकाश द्यावं लागतं. घाई केली तर अंग लाल होऊन खाजतं. शिवाय मूत्रपिंडांवर लक्ष हवं. टायकोप्लॅनिन सुरुवातीच्या मोठ्या मात्रांनंतर दिवसातून एकदा पुरतं, स्नायूतही टोचता येतं, मूत्रपिंडांना त्रासही कमी. क्लॉस्ट्रिडियम डिफिसिलच्या जुलाबांत मात्र व्हँकोमायसिन तोंडावाटेच देतात. ते रक्तात फारसं शोषलं जात नाही, आणि इथे तेच हवं असतं.