सुई, लोकर आणि उसवणें

(महोत्सवानिमित्त धर्मग्रामांतील कुटुंबांपुढें केलेलें भाषण)



आजच्या सभेंत विणकाम व शिवणकाम या विषयावर बोलण्याचें आम्हीं योजिलें आहे हें ऐकतांच पुरुषमंडळींपैकीं कित्येकांच्या मुद्रेवर जें स्मित उमटलें, तें आमच्या नजरेंतून सुटलें नाहीं. विषय बायकांचा आणि बोलणार पाद्री, असें त्यांच्या मनांत आलें असावें. परंतु पायमोजे विणण्याचें पहिलें यंत्र इ. स. १५८९ मध्यें विल्यम ली या इंग्रज गृहस्थानें बनविलें, व तो धर्मोपदेशक होता असेंच परंपरा सांगते. आणि संत पौल तर तंबू करण्याच्या धंद्यावर पोट भरीत असे. तेव्हां आमचा अधिकार अगदींच नाकारूं नये.

जर्मनींतील हाम्बुर्ग शहराच्या कलासंग्रहालयांत इ. स. १४०० च्या सुमाराचें एक वेदीचित्र आहे. मास्टर बर्ट्राम याच्या नांवानें तें ओळखलें जातें. त्यांत पवित्र मरिया अनेक सुया गोलाकार लावून एक बिनशिवणीचा अंगरखा विणीत बसली आहे, आणि बाळ येशू जवळच पुस्तक उघडून पहुडला आहे. पलीकडे क्रूस व भाला घेऊन देवदूत उभे आहेत, त्यामुळें हा अंगरखा कोणता हें पाहणारास उमजतें. पण आम्हांस त्या चित्रांत विशेष आवडतें तें एवढेंच कीं, आई आपल्या कामांत आहे, मूल आपल्या पुस्तकांत आहे, आणि तरीही दोघें एकत्र आहेत. घरोघरीं भेटीस जातों तेव्हां सायंकाळच्या जपमाळेनंतर अशींच घरें आमच्या दृष्टीस पडतात. आजी क्रोशाची सुई घेऊन बसली आहे, नात दोन्ही हातांवर लोकरीचा लडा ताणून धरून आहे, व आई त्याचा गुंडा करीत आहे. आपल्या किनाऱ्यावर लोकरीची गरज ती केवढी! नाताळच्या मध्यरात्रीच्या मिस्सेस टोपडें घातलेलें बाळ घामानें रडतें, हें आम्ही वेदीवरून दरवर्षीं ऐकतों. तथापि टोपडीं विणलीं जातात, व जावींत.

विणकामाची सारी विद्या दोन टांक्यांवर उभी आहे: सुलट आणि उलट. एकच धागा, आणि एका फांसांतून ओढलेला दुसरा फांस. याच कारणानें एक टांका सुईवरून निसटला कीं त्याखालचे फांस शिडीसारखे उलगडत जातात. आणि याच कारणानें क्रोशाच्या सुईनें तो टांका पायरी पायरीनें पुन्हां वर आणतांही येतो. तोही न साधला, तर धागा ओढावा. सगळें उसवतें, आणि लोकर जशीच्या तशी हातांत राहते. मनुष्याच्या उद्योगांत इतकी क्षमाशील वस्तु आम्हांस दुसरी ठाऊक नाहीं. उसवलेली लोकर कुरळी होते हें खरें. पण तिचा लडा करून भिजवावा, खालीं हलकेंसें वजन अडकवून वाळत टांगावा, म्हणजे ती सरळ होते.

शिवणाचें मात्र तसें नाहीं. कात्री एकदां चालली कीं कापड पूर्ववत् होत नाहीं. दोन्ही बाह्या एकाच हाताच्या कापल्या गेल्या, तर तेथें पश्चात्तापानें काम भागत नाहीं, युक्तीच लागते. मग आजोबांच्या सदऱ्याचें नातवाचें झबलें होतें, आणि चिंध्या गोधडींत जातात. यंत्रानें काम झपाट्यानें होतें, चूकही तितक्याच झपाट्यानें होते. एका दमांत मारलेली वांकडी टीप उसवावयास सायंकाळ पुरत नाहीं. असो. यंत्रांविषयीं साशंक असलेल्या महात्मा गांधींनीं देखील १९२४ सालीं सिंगरच्या शिवणयंत्रास अपवाद केला होता. कारण पत्नीचे कष्ट पाहून कळवळलेल्या माणसाच्या प्रेमांतून तें निघालें, असें त्यांचें म्हणणें होतें.

जीं माणसें एकटीं राहतात, त्यांच्याविषयीं थोडें बोलतों. मुलें परदेशीं गेलेल्या एका विधवा भगिनीस आम्हीं विचारलें कीं, हें एवढें विणतां तें कोणासाठीं? ती म्हणाली, "फादर, ओळ मोजतांना दुसरें कांहीं मोजावें लागत नाहीं." या उत्तरावर आम्हांस पुढें बोलतां आलें नाहीं. तिची वीण ज्या दिवशीं घट्ट येते, त्या दिवशीं मन ठिकाणावर नव्हतें हें ती स्वतःच ओळखते व हंसून उसवते. तयार कपडे बाजारांत स्वस्त मिळत असतां हा खटाटोप कशाला, असें तिला विचारणारे पुष्कळ आहेत. त्यांनीं तिच्याजवळ एक तास बसून पाहावें.

आतां जें सांगण्यासाठीं हा विषय घेतला, तें सांगतों. एका घरीं दहा वर्षांची मुलगी भावासाठीं गळपट्टा विणीत होती. कडा आंतबाहेर झाल्या होत्या, मध्यें टांके सुटले होते. ती निजल्यावर आईनें रात्रीं बसून तेवढ्या ओळी उसवल्या व स्वतः सुबक विणून ठेवल्या. हेतु प्रेमाचाच होता. सकाळीं मुलीनें आपली वीण नाहीशी झालेली ओळखली; ती कांहीं बोलली नाहीं, परंतु त्यानंतर तिनें सुयांस हात लावला नाहीं. मातांनो, मुलांच्या चुका उसवावयाच्या तर त्यांच्या समक्ष, त्यांच्याच हातानें. नाहींतर त्या तशाच राहूं द्याव्या. दुसऱ्या एका घरीं गोधडीच्या कोपऱ्यांत चार वर्षांच्या मुलाचा धांवदोरा आहे, कुत्र्याच्या दांतांएवढे टांके. तो मुलगा आतां मोठा झाला आहे, आणि ती गोधडी तो कोणास देत नाहीं. मुलगा, हें पुरुषमंडळींनीं लक्षांत घ्यावें.

मग कोणती चूक उसवावी व कोणती ठेवावी? इराणी विणकर गालिचांत मुद्दाम एक चूक ठेवतात, अशी एक कथा सांगतात. आम्हांस ती फारशी पटत नाहीं. चुकीस आमंत्रण लागतें असें आमच्या पाहण्यांत नाहीं. आमचा हिशेब साधा आहे. ती चूक कोणास सोसावी लागेल तें पाहावें. बाळाच्या झबल्याची बगल काचत असेल, तर कितीही रात्र झाली तरी उसवावी. काचत नसेल, तर दिवा मालवून निजावें.

आपल्या वेदीच्या वस्त्राची क्रोशाची किनार ज्या भगिनीनें केली, ती काम पुरें झाल्यावर रडवेली होऊन आमच्याकडे आली. प्रत्येक फुलास आठ पाकळ्या, पण एका फुलास नऊ झाल्या होत्या. सारी किनार परत न्यावी असें ती म्हणत होती. ती नववी पाकळी कोणास काचेल, असें आम्हीं तिला विचारलें. तिला कांहीं सांगतां येईना. किनार राहिली. ती वेदीच्या डाव्या अंगास आहे. मोजण्याची ज्यांस हौस असेल त्यांनीं मिस्सा आटोपल्यावर खुशाल मोजावें. आजवर दोघांनीं प्रयत्न केला, आणि तें फूल दोघांनाही सांपडलें नाहीं.