लाईटचा दर ठरतो कुठं?

लाईट बिल वाढलं की आपण चिडतो कुणावर? मीटर बघायला येणाऱ्यावर. फार तर आमदारावर. नगरपालिकेला शिव्या देणारेही मी बघितलेत. तिच्या हातात यातलं काहीच नाही. रस्त्यावरच्या दिव्यांचं, पाण्याच्या मोटारींचं बिल तीसुद्धा ग्राहक म्हणूनच भरते. म्हणजे घरपट्टी-नळपट्टीतून पुन्हा आपणच.

मुंबईत तर वीज देणारा 'बेस्ट' हा उपक्रमच महापालिकेचा, १९४७ पासून. तरी दर महापालिकेच्या सभागृहात ठरत नाही, महाराष्ट्राचा वीज नियामक आयोग ठरवतो. आपल्या बिदर-कलबुर्गीला २००२ पासून वीज देते जेस्कॉम, आणि तिचा दर ठरवतो बेंगळुरूचा कर्नाटक वीज नियामक आयोग.

दर वाढवायचा तर कंपनीला आयोगाकडं अर्ज करावा लागतो. वीज विकत घ्यायला इतके, पगाराला इतके, कर्जाच्या व्याजाला इतके, असा सगळा हिशोब मांडून. मग पेपरात नोटीस येते, लोकांच्या हरकती मागवतात, सुनावणी होते. २००३ च्या वीज कायद्याचं कलम ६४ सांगतं की लोकांच्या सूचना-हरकती विचारात घेऊनच आदेश काढायचा. आयोग मागितलेलं सगळं देतोच असं नाही, खर्चाला कात्रीही लावतो.

पण नोटीस येते कन्नड आणि इंग्रजी पेपरात. आपल्या घरात येतो मराठी पेपर. मुदत कधी संपली तेही कळत नाही. सुनावणीला व्यापारी-कारखानदारांच्या संघटना वकील घेऊन जातात, आणि ते बरोबरच करतात. आपल्या तांड्या-वाडीचं तिथं कोण बोलणार?

तुम्ही म्हणाल, आम्हाला काय, गृहज्योतीचं शून्य बिल येतं. अरे, ते फक्त घराला. तेही २०२२-२३ च्या सरासरीवर थोडं जादा धरून, आणि जास्तीत जास्त २०० युनिट. गिरणी, पानटपरी, झेरॉक्सचं दुकान यांना पूर्ण दर. एप्रिल २०२५ पासून वीज कर्मचाऱ्यांच्या पेन्शन-ग्रॅच्युइटीसाठी युनिटमागं ३६ पैसे वेगळे लागले, तेव्हा गिरणीवाल्यांना आधी कळलं. आणि शून्य बिलाचे पैसे सरकार कंपनीला देतं, म्हणजे आपल्याच करातून.

आता मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट. १० एचपीपर्यंतच्या शेतीपंपांना वीज फुकट आहे, पण बहुतेक पंपांना मीटर नाही. मग वापर किती? अंदाजानं धरायचा. अंदाज फुगवला की तारांमधली गळती आणि आकडे टाकून केलेली चोरी शेतकऱ्याच्या नावावर खपून जाते. कागदावर गळती कमी दिसते, आणि रात्री दोनला मोटार चालू करायला उठणारा आपला बाप 'फुकट्या' ठरतो! म्हणून विचारायचं ते हेच: आमच्या फीडरवर वीज सोडली किती, बिल झालं कितीचं, आणि पंपाच्या नावावर धरली किती?

हा प्रश्न कन्नडमध्ये लिहा. तुम्ही शाळेत शिकलायत, लिहिता येतं. बिलावरचा आरआर नंबर टाका, प्रतिज्ञापत्र जोडा, एक प्रत जेस्कॉमला द्या. सुनावणीत बोलायचं असेल तर तसं अर्जातच लिहा. नोव्हेंबर संपला की आयोगाची वेबसाईट बघत राहा. गावातल्या एकानं जरी बघितली तरी ग्रुपवर टाकता येतं.