घरी जोडलेली मोटार आणि विम्याचा दावा

ब्रिटनमध्ये सुटे भाग मागवून गॅरेजमध्ये स्वतः मोटार जोडणारे हौशी लोक पुष्कळ आहेत. १९५७ची लोटस सेव्हन अशीच भागांत विकली जाई. १९७३पासून तोच वारसा केटरहॅम ही कंपनी चालवते.

अशा गाडीला अपघात झाला की घोळ सुरू होतो तो किमतीवरून. जोडणी प्रत्येकाची वेगळी, त्यामुळे विमा कंपनीच्या सर्व्हेअरला तयार बाजारभाव सापडत नाही. म्हणून पॉलिसी घेतानाच किंमत ठरवून ती कागदावर आणावी. त्यासाठी लागतात फोटो आणि पावत्या. हौशी माणूस नेमक्या त्याच हरवून बसतो!

आता नुकसान. फायबरग्लासच्या पुढच्या भागावर रंगात केसाएवढी रेघ दिसते. आत मात्र सस्पेन्शन जिथे बसतं, ती चॅसिसची नळी वाकलेली असू शकते. वरचे पत्रे उतरवून मोजमाप घेतल्याशिवाय अंदाजपत्रकावर सही करू नये. आपण स्वतः दुरुस्ती करणार असू, तर मजुरी मिळणार का, हे आधी लेखी विचारावं.

दुरुस्ती परवडत नाही म्हणून कंपनीने गाडी मोडीत काढली, तरी ती परत विकत मागता येते. मोडीची रक्कम भरपाईतून वजा होते. चॅसिसला इजा असेल तर नोंदीत ‘एस’ हा वर्ग लागतो, नसेल तर ‘एन’.

तक्रार आधी कंपनीकडेच करायची. आठ आठवड्यांत अंतिम उत्तर आलं नाही किंवा आलेलं पटलं नाही, तर आर्थिक लोकपालाकडे जाता येतं, तेही विनाशुल्क.