सागरतीरीचे घर: पडवी, छप्पर आणि वादळ



नोकरीनिमित्त परप्रांतात आयुष्य गेलेल्या कोकणी कुटुंबांत निवृत्तीच्या सुमारास एक विषय हमखास निघतो: गावाकडच्या जागेत घर बांधण्याचा. नकाशा मात्र बहुधा शहरातला असतो. सपाट स्लॅब, समुद्राकडे तोंड केलेली मोठी काच, प्रत्येक खोलीत वातानुकूलन यंत्र. पश्चिमेची ती काच दुपारी तीननंतर खोलीची भट्टी करते आणि समुद्र दिसावा म्हणून बसवलेल्या काचेवर अखेर जाड पडदा येतो.

किनाऱ्याच्या हवेचा स्वभाव वेगळा आहे. देशावर दिवस तापतो, रात्र निवते. तेथे जाड भिंत उपयोगी पडते. किनाऱ्यावर दिवसरात्रीच्या तापमानात फरक थोडा आणि दमटपणा फार. अंगावरचा घाम वाळल्याखेरीज गारवा वाटत नाही, आणि त्यासाठी वारा हवा. दिवसा तो समुद्रावरून येतो, रात्री उलट फिरतो. म्हणून प्रत्येक खिडकीला समोरच्या भिंतीत जोडीदार खिडकी लागते. जुन्या घरांत ओटी, माजघर आणि मागची पडवी एका ओळीत येत, त्यामुळे पुढून शिरलेला वारा परसात निघे. अर्थात जुने ते सारेच सोने नव्हे. माजघरात भर दिवसा अंधार असे आणि चुलीचा धूर घरच्या स्त्रियांच्याच डोळ्यांत जाई. नव्या घराने वाऱ्याची वाट तेवढी घ्यावी, अंधार घेऊ नये.

भिंतीला जांभा उत्तम. खाणीतून निघताना तो मऊ असतो, हवा लागली की कठीण होतो.

खरा पेच छपराचा आहे. पाऊस आणि ऊन यांना अडवायचे तर वळचण लांब हवी. पण वादळाचा वारा लांब वळचणीखाली शिरून तिला वर उचलतो, आणि तिच्याबरोबर सारे छप्पर जाते. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले, तेव्हा वाऱ्याचा वेग ताशी १०० किलोमीटरहून अधिक होता. कौले आणि पत्रे उडाले, नारळ-सुपारीच्या बागा आडव्या झाल्या. त्यानंतर अनेकांना स्लॅब हेच उत्तर वाटू लागले. ही भीती समजण्याजोगी आहे. परंतु दोष कौलाचा नव्हता. मंगलोरी कौल रिपांवर नुसते टेकलेले असते. वाऱ्याचे ओढणे ते एकट्याने सोसू शकत नाही.

उपाय अवघड नाहीत. मुख्य छपराची वळचण बेताची ठेवावी आणि पडवीचे छप्पर त्याला न जोडता, थोडे खाली, स्वतंत्र खांबांवर घ्यावे. मग वादळात पडवी गेलीच, तरी घराचे डोके शाबूत राहते आणि एरवी ऊनपाऊस पडवी अडवते. दुपाखीपेक्षा चौपाखी छप्पर वाऱ्याला अधिक तोंड देते. उतार ३० अंशांच्या आसपास असावा. वासे भिंतीवरच्या तुळईला बोल्टने जखडावेत आणि कडेच्या व आढ्याच्या कौलांना न गंजणाऱ्या तारेने बांधावे. हे काम छप्पर चढण्यापूर्वीच करायचे असते. नंतर तेथे हात पोहोचत नाही.

जागेबद्दल एकच सांगायचे. भरतीरेषेपासून ५०० मीटरपर्यंतच्या पट्ट्यावर १९९१ पासून किनारा नियमनाचे निर्बंध आहेत; जमिनीचा व्यवहार करण्याआधी ते पाहावेत.

स्लॅब घालायचाच असेल तर खाऱ्या हवेची आठवण हवी. क्षार काँक्रीटमध्ये मुरले की आतली सळई गंजते, गंजून फुगते आणि वरचे काँक्रीट फोडते. सळईवरचे आच्छादन पुरेसे जाड आणि काँक्रीट घट्ट असले, तर ही वेळ पुष्कळ लांबते. खाडीच्या न धुतलेल्या वाळूत किंवा मचूळ विहिरीच्या पाण्यात कालवलेल्या मालात मात्र क्षार पहिल्या दिवसापासूनच असतो. तेव्हा घरधन्याने गवंड्याला विचारण्याचा पहिला प्रश्न, वाळू कोठून आणली, हा आहे.