जेवढे घराला, तेवढे स्वतःला

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला ‘आपल्यातल्या वीर स्त्रिया’ या विषयावर चार शब्द बोलायला सांगितले आहे. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. तेव्हा पुस्तकातले थोडे आणि पाहिलेले, ऐकलेले जास्त, असे सांगणार आहे.

वीर म्हटले की किल्ला आणि तलवार डोळ्यांपुढे येते. आपल्या जिल्ह्याला नावही किल्ल्याचेच. पण १ मे १९८१ ला हा जिल्हा रत्नागिरीपासून वेगळा झाला, आणि पुढच्याच वर्षी येथल्या कितीतरी घरांत बिनतलवारीची लढाई सुरू झाली. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार घरी बसले. त्यांत आपल्या कोकणातले पुष्कळ होते. महिन्याची मनिऑर्डर बंद झाली.

माझे वडीलही गिरणीत होते. मी तेव्हा रांगत होते, त्यामुळे हे सारे आजीच्या तोंडून ऐकलेले. आई लावणीला मजुरीने गेली, आमसुले वाळवून विकली, भात उसने आणले आणि कापणी झाल्यावर पायलीने मोजून परत केले. चूल एक दिवसही थंड राहिली नाही.

तिकडे गिरणगावात कामगारांना जेवण घालणाऱ्या खाणावळवाल्या बायाही अशाच. सावकाराच्या व्याजाखाली त्या दबलेल्या होत्या. प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली अवघ्या १४ जणींना घेऊन अन्नपूर्णा महिला मंडळ काढले आणि त्यांना बँकेचे कर्ज मिळवून दिले. भाकरी थापणाऱ्या हातांची किंमत त्या दिवशी कागदावर लिहिली गेली.

आता मनातली गोष्ट सांगते. माझी आई सर्वांना वाढून झाले की म्हणायची, “माका भूक नाय गो.” मग खरवड आणि पेजेचे पाणी. संप गेला, पण ती सवय राहिली. माझी सातवीची परीक्षा झाली त्या पावसाळ्यात ती लावणीच्या चिखलातच भोवळ येऊन पडली. डॉक्टरांनी रक्त तपासले. हिमोग्लोबिन बारा हवे ते जेमतेम सहा निघाले. आई पुष्कळ दिवस अंथरुणावर होती. चूल, गुरे, धाकटी भावंडे माझ्याकडे आली आणि माझी शाळा सुटली ती सुटलीच.

आईला मी दोष देत नाही. ती वीरच होती. पण तिच्या उपासाची किंमत तिने एकटीने दिली नाही. म्हणून, स्वतःकडे पाहणे म्हणजे स्वार्थ, असे कोणी म्हणाले तर मला ते पटत नाही.

आणि हे जुने झाले असेही समजू नका. २०१९ ते २०२१ या काळातील सरकारी कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या शंभर बायकांत ५४ जणींना रक्त कमी आढळले. म्हणजे या सभेत एकीआड एक!

उपाय घरचेच आहेत. घरच्यांबरोबर एकाच पंगतीला बसावे. कुळीथ, नाचणी, शेवग्याचा पाला ताटात असावा. सोबत लिंबू किंवा आवळा घ्यावा, म्हणजे पालेभाजीतले लोह अंगी लागते. जेवणावर लगेच चहा पिऊ नये, त्याने लोह वाया जाते. उपकेंद्रात रक्त तपासून घ्यावे. गोळ्या दिल्या तर फळीवर न ठेवता खाव्यात.

मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ आले तेव्हा आमच्या वाडीत दिवसेंदिवस वीज नव्हती. वर कोरोनाची भीती. पाणी विहिरीवरून डोक्यावर आणायचे. तेव्हा आम्ही शेजारणींनी एकमेकींना एक प्रश्न विचारायचे ठरवले : “तू जेवलंस?” त्या प्रश्नाने जितका धीर दिला तितका दुसऱ्या कशाने दिला नाही.

हाच प्रश्न आज रात्री प्रत्येकीने स्वतःलाही विचारावा, आणि उत्तर खरे द्यावे, एवढे मागून मी आपली रजा घेते.